चामड्याचा तोरा

मोटारीच्या बैठकीला चामडे असले की मालक श्रीमंत आणि कापड असले की मालकाचा हात आखडता, हा सिद्धांत आमच्या शहरात आता इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागणे हेच अडाणीपणाचे लक्षण ठरते. मी तो पुरावा मागणार आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, बाईंनी हे भांडण कुठून उकरून काढले असे वाचक म्हणतील. पण भांडणाचा मोसम हाच आहे. दसरा-पाडव्याला नव्या मोटारी घरी येतात, त्यांना हार पडतात, आणि दुकानातला पोरगा सवयीने विचारतो, "सीट लेदरच करू ना?" त्या "ना"मध्ये सगळा सिद्धांत भरलेला असतो.

मोटार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशांचे हे गाव नव्हे. वाळूजला दुचाक्या तयार होतात. शेंद्र्याला २००१ सालापासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होते, त्या ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकजुटीने सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम विकत घेतल्या. पासष्ट कोटींचा तो सौदा देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापला. मला त्याचे कौतुकच वाटले. मराठवाड्याकडे मागासलेपणाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांचा चष्मा त्या दिवशी थोडा तरी सरकला असेल. तेव्हा मी दुसऱ्याच्या गाडीवर जळते असे कोणी म्हणू नये. नव्या गाडीत काच वर, गारवा सुरू, दहा मिनिटांत चामडे काय आणि कापड काय, सारखेच. माझे भांडण आहे ते जुन्या, उघड्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी. तिथे गारव्याचे यंत्र नसते. तिथे बैठक आणि अंग यांच्यात मध्यस्थी करायला कोणीही नसते.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला माझा एक विद्यार्थी आहे. सातवीत भूगोलात काठावर उत्तीर्ण होत असे, पण यंत्र म्हटले की त्याचे डोळे लकाकत. त्याने एक पडीक एम.जी. मिळवली. १९५० च्या आगेमागची, दोनच माणसांची, पुढे लांब नाक आणि मागे पाठीवर सुटे चाक घेतलेली. तीन वर्षे खपून त्याने तिचे इंजिन चालू केले, पत्रा नीट केला, रंग लावला. आता राहिली बैठक. मुळातली केव्हाच गेली होती. मागच्या कोणा मालकाने लावलेले काळे रेक्झिन फाटून आतल्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला होता. तो मला सांगायला आला की मरून रंगाचे चामडे मागवतो आहे. त्या चामड्याची किंमत ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, पण चामडेच का?"

"बाई, ओरिजिनल लेदरच असतं. आणि रॅलीत कापड पाहिलं तर लोक हसतील."

या दोन वाक्यांत दोन निरनिराळी कारणे आहेत, आणि दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत. लोकांच्या हसण्याचे आधी पाहू.

घोड्याच्या बग्गीपासून सुरुवात करावी लागेल. विलायतेत श्रीमंताच्या बंद बग्गीत गाडीवान बाहेर, उघड्यावर बसे. पाऊस, चिखल, घोड्याचा घाम, सगळे त्याच्या वाट्याला. म्हणून त्याच्या बैठकीला चामडे. पुसले की झाले. आत मालक आणि मालकीणबाई बसत, त्यांच्या बैठकीला मऊ लोकरी कापड. मोटारी आल्या तेव्हा हाच रिवाज तसाच पुढे चालला. पुढची शोफरची बैठक चामड्याची, मागची धन्याची बैठक इंग्लंडच्या पश्चिम भागात विणलेल्या उत्तम लोकरी कापडाची. म्हणजे चामडे हे चाकराचे आणि कापड हे धन्याचे! आज जो गृहस्थ चामड्यावर टेकून ऐट करतो, तो शोफरच्या जागेवर बसून मालकीचा डौल मिरवतो आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. जपानी लोक हे विसरले नाहीत. त्यांची टोयोटा सेंचुरी ही १९६७ सालापासूनची बड्या मानकऱ्यांची गाडी, आणि तिची खरी शान लोकरी कापडाच्या बैठकीत मानतात. चामडे हलताना करकरते, आणि थोर माणूस बसताना आवाज होणे त्यांच्या शिष्टाचारात बसत नाही.

"बाई, या झाल्या म्हाताऱ्यांच्या गाड्या. स्पोर्ट्स गाडीचं बोला," असे माझा विद्यार्थी म्हणालाच. बरे, तसे बोलू. जिचे दरवाजे पाखराच्या पंखांसारखे वर उघडतात ती मर्सिडीज ३०० एसएल १९५४ साली आली. आज तिचे नाव काढले की रसिक मंडळी आवंढा गिळतात. त्या गाडीची नेहमीची बैठक चौकड्याच्या कापडाची होती. चामडे हवे असेल तर वेगळे पैसे मोजावे लागत. पुढे बहुतेकांनी ते मोजले, नंतरच्या मालकांनी उरलीसुरली कापडे उखडून चामडी चढवली, आणि आता मूळ चौकडा शाबूत असलेल्या गाडीभोवती जाणकार घुटमळतात. इटलीची लान्सिया आउरेलिया बी-२० ही १९५१ सालची; वेगाने लांबचा पल्ला मारणाऱ्या देखण्या गाड्यांची ती आजी. तिच्यात लोकरी कापड. पोर्शने १९७० नंतरच्या दशकात स्कॉटिश चौकडे वापरले आणि १९७७ च्या ९२८ मध्ये तर बुद्धिबळाचा पट उन्हात वितळावा तशी नक्षी बैठकीवर आणली. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचा लाल-काळा चौकडा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी काढला. चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवण्याचे शिक्षण घेतलेली ही बाई. एका घरगुती गाडीला तिने असा चेहरा दिला की पन्नास वर्षे झाली तरी तो चौकडा त्या गाडीची ओळख म्हणून टिकून आहे. यातल्या कोणत्या गाडीला लोक हसले?

आणि स्पोर्ट्स गाडीचे काम तरी काय? वळण वेगाने घेणे. दौलताबादच्या दरवाजातून बाहेर पडून खुलताबादचा घाट चढताना गुळगुळीत चामड्यावर बसलेला माणूस प्रत्येक वळणाला बाजूला सरकतो आणि सुकाणूचक्राला लोंबकळून स्वतःला सावरतो. गाडी चालवायची की स्वतःला धरून ठेवायचे? कापड अंगाला धरते. शर्यतीच्या खास बैठका आजही बहुतेक कापडाच्याच असतात, त्या काही काटकसरीपोटी नव्हेत. रेशमी पातळ नेसून चामड्यावर बसलेल्या बायकांना हे शर्यतीत न उतरताही ठाऊक आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरेपर्यंत मी एकदा एका नातलगांच्या गाडीत पुढच्या खणाला दोन्ही गुडघे टेकून बसले होते.

आता "ओरिजिनल"चा मुद्दा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या वस्तूला तिच्या मूळ रूपाशी इमान राखून जपावे, हे मी रोज पोरांना लेण्यांच्या आणि दरवाजांच्या संदर्भात शिकवते. ज्या गाडीत मूळ चामडे अजून आहे, भेगाळलेले, रंग उडालेले, पण तेच आहे, त्याला हात लावू नये. त्याला तेल-पाणी करावे आणि बाकी तसेच ठेवावे. पण जिथे मूळ उरलेलेच नाही, तिथे आज आणलेले नवे चामडे "मूळ" कसे होते? त्यातून या एम.जी.ची गंमत ऐका. त्या काळच्या या इंग्रजी गाड्यांत अंग टेकते तेवढ्याच भागाला चामडे असे. बैठकीच्या बाजू, पाठीमागची बाजू, जिथे नजर कमी जाते तिथे रेक्झिन. रेक्झिन म्हणजे काय? कापडावर लेप देऊन त्याला चामड्याचे सोंग आणलेले. म्हणजे ज्याला आपण अस्सल इंग्रजी थाट म्हणतो, त्याची निम्मी पाठ कापडाचीच होती, फक्त तोंडाला रंग फासलेला!

समोरच्या भागाला तरी त्यांनी चामडे का लावले? कारण गाडीला वर छप्पर म्हणजे मेणकापडाचा टप, आणि डोक्यावर इंग्लंडचे आभाळ. तिथे जानेवारीत पाऊस, जुलैत पाऊस, लग्नात पाऊस, मयतात पाऊस. भिजलेली बैठक फडक्याने पुसता यावी म्हणून चामडे. ते शहाणपणाचे होते. पण आमच्याकडे पाऊस पडतो तो चार महिने, तोही रुसून रुसून, आणि त्या चार महिन्यांत ही लाडकी गाडी कोणी बाहेर काढतच नाही, ताडपत्रीखाली असते. ती बाहेर निघते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. मग तिची बैठक कोणत्या आभाळाला जबाब देणारी हवी?

मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी बारा वाजता क्रांती चौकात तासभर उभ्या केलेल्या उघड्या गाडीच्या मरून चामड्यावर हात ठेवून पाहावा. हात ठेवला तरच. बाकीच्या अवयवांचे मी बोलत नाही. गडद रंग ऊन पितो, हे एक. दुसरे असे की गुळगुळीत पृष्ठ अंगाला सगळीकडून चिकटते, त्यामुळे उष्णता थेट आत शिरते. कापडाच्या धाग्याधाग्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे ते तेवढेच तापले तरी तेवढे चटकत नाही. आणि घाम? चामडे श्वास घेते, असे चामड्याचे भाट सांगतात. जनावराच्या अंगावर असताना घेत असेल. मोटारीसाठी कमावलेल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि प्लॅस्टिकसारखा लेप चढवलेला असतो, डाग पडू नये म्हणून. त्या लेपाखाली भोके बुजली. मग घाम जातो कुठे? सदऱ्यात, पाठीवर, आणि उतरल्यावर सगळ्यांच्या नजरेत. पुढे कोरड्या हवेत आतली स्निग्धता आटते, शिवणीपाशी भेगा पडतात. आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली तेच चामडे बुरशी धरते. वर्षातून दोनदा त्याची मालिश करणे हा ज्यांचा छंद असेल त्यांनी तो जरूर जोपासावा.

चामड्याच्या कारागिरीला मी नावे ठेवते असे मात्र कोणी समजू नये. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली कोल्हापुरी वहाण मी तेवीस वर्षे पायात घालते आहे. तिच्यावर लेप नसतो. ती पायाचा घाम पिते, पायाचा आकार घेते, आणि फाटली की आमच्या कोपऱ्यावरचा चांभार ती अशी शिवून देतो की शिवण शोधावी लागते. चामड्याची जागा तिथे आहे, मोटेला होती, ढोलकीला आहे. जी वस्तू जिथे चालते तिथे तिला मान. जिथे चालत नाही तिथे तिला मखरात बसवून आपण घामाघूम व्हायचे, हे कसले?

गंमत अशी की आपल्या लोकांना हे अंगाने ठाऊक आहे, फक्त तोंडाने कबूल करायचे नसते. सरकारी अँबॅसिडर आठवा. आत रेक्झिन, आणि त्यावर? पांढरा शुभ्र टॉवेल! अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तो टॉवेल नव्या गाडीत आणि साहेबाच्या खुर्चीवर अजून आहे. हुद्दा जितका मोठा तितका टॉवेल पांढरा. घरोघरी पाहा. चामडी बैठकीची गाडी आली की महिनाभर कौतुक, आणि चैत्र लागला की आजी गुपचूप त्यावर सोलापुरी चादर घालते. एवढे पैसे खर्चून जे विकत घेतले, ते झाकायला पुन्हा कापडच. मग आधीच कापड का नको?

आपल्या भाषेला तरी विचारा. आपण सातारची गादी म्हणतो, कोल्हापूरची गादी म्हणतो. गादीवर बसणे म्हणजे राज्य मिळणे. गादी, लोड, तक्क्या, त्यावर धुतलेला अभ्रा, ही आपली प्रतिष्ठेची बैठक. कातड्यावर कोण बसे? रानातला तपस्वी. आणि त्याच्या आसनाचाही नीट विचार झालेला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश, अजिन आणि वस्त्र सांगितले आहे, आणि शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे खाली कुश, त्यावर अजिन, आणि सर्वांत वर वस्त्र. ज्ञानदेवांनी क्रम बदलून मृगाजिन वर घेतले आहे, हे माझ्या आधी एखादा वारकरी वाचक सांगेल, म्हणून मीच सांगते. पण मृगाजिनाला केस असतात, महाराज! त्या केसांत हवा खेळते. ते कापडाच्याच जातीचे झाले. केस भादरून, रंग चढवून, वर लेप देऊन त्याची गुळगुळीत खुर्ची करावी असे ज्ञानदेवांनी कुठे म्हटलेले नाही.

आणि आता मूळ दुखण्याशी येते. हे सगळे दुसऱ्या गावात घडले असते तर मी लेखणी उचलली नसती. पण हे गाव कापडाचे आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकरही आले, अशी इथली आख्यायिका. त्यांच्या हातचे दोन विणकाम-प्रकार इथे रुजले: हिमरू आणि मशरू. हिमरूत उभा धागा सुताचा आणि नक्षीचा आडवा धागा रेशमाचा. पाठीमागे मोकळे सुटलेले धागे असतात, त्यामुळे ते अंगाला मऊ आणि उबदार लागते. मशरूची युक्ती तर मोटारीच्या बैठकीसाठीच काढली असावी अशी. वरच्या बाजूला रेशमाची चकाकी, आणि अंगाकडच्या बाजूला सूत. रेशीम थेट अंगाला लागू नये, या धर्मनियमातून ही विणीची करामत निघाली, आणि म्हणूनच नाव मशरू, म्हणजे संमत. दिसायचे काय आणि अंगाला लागायचे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच कापडात दोन्हींची दोन उत्तरे देता येतात, हे शेकडो वर्षांपूर्वी इथल्या विणकराला समजले होते. आपण मात्र दिसण्यासाठी अंग भाजून घेतो.

पर्यटक लेण्या पाहून परतताना हिमरूची एखादी शाल घेतात, त्यावर अजिंठ्याची नक्षी असली तर दोन फोटोही काढतात. तेवढ्यावर माग चालत नाही. हातमागावर हिमरू विणणारे आता थोडे उरले आहेत. रेशमाच्या जागी बहुतेक ठिकाणी कृत्रिम रेशीम आले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. विणकराची पोरे माझ्या वर्गात असतात. त्यांना मोठेपणी काय व्हायचे आहे असे विचारले तर माग कोणी सांगत नाही, आणि सांगावे तरी कशाला? ज्या गावात एका दिवसात पासष्ट कोटींच्या गाड्या येतात, त्या गावात गाडीच्या बैठकीसाठी चार वार कापड कोणी मागत नाही. ते चामडे मात्र दूरदेशाहून बोटीने येते.

यावर मला जे आक्षेप ऐकवले गेले, त्यांतला एक फुटकळ आहे आणि दोन खरे. फुटकळ असा की हिमरू तरी काय, किनखापाची नक्कलच. हो, नावच मुळी "हम-रू", म्हणजे सारखा दिसणारा, यावरून आले असे सांगतात. पण नक्कल करताना त्याने जरीचा टोचणारा, जड भाग टाकला आणि सूत घातले. रेक्झिनने चामड्याची नक्कल करताना त्याचा घामटपणा तेवढा दुप्पट केला. नकलेनकलेत फरक असतो.

खरा आक्षेप पहिला: हिमरूचे मोकळे धागे चढताउतरताना ओढले जातील. ओढले जातील, बरोबर आहे. म्हणून बैठकीच्या कडेला, जिथे चढताउतरताना घासते, तिथे हिमरू नको. तिथे जाड लोकरी कापड घालावे, नाही तर हौस म्हणून चामड्याची पट्टी खुशाल घालावी. मधल्या भागाला, पाठ आणि मांड्या टेकतात तिथे विणलेले कापड. कडा एकाच्या आणि मध्य दुसऱ्याचा, अशा बैठका मोठमोठ्या कारखान्यांनी केल्या आहेत. घोंगडीची लोकर कडेला लावावी असे मी सुचवले तेव्हा आमचा कुशनवाला हसला. घोंगडी टोचते हे खरे, पण बोट अडकवून ओढून पाहा म्हणावे. दुसरा आक्षेप उन्हाचा: रेशमाचा रंग उडतो, धागा कुजतो. यालाही उत्तर विणकरानेच दिले. नक्षी तीच ठेवायची, आडवा धागा रेशमाचा न घेता पिळाच्या जाड सुताचा घ्यायचा, पाठीमागचे मोकळे धागे विणतानाच बांधून टाकायचे, आणि खाली एक अस्तर चिकटवायचे. चकाकी कमी होईल, असे तो थोडा खिन्न होऊन म्हणाला. मी म्हटले, उघड्या गाडीत चकाकी उन्हाची पुष्कळ असते.

माझ्या विद्यार्थ्याने मरून चामड्याची मागणी अजून रद्द केलेली नाही, पण पाठवलेलीही नाही. मध्यंतरी विणकराने नमुन्यादाखल हातभर तुकडा विणून दिला. गर्द निळी जमीन, त्यावर वाळूच्या रंगाची बारीक बुट्टी. कुशनवाल्याने तो शिक्षक-खोलीतल्या माझ्या रेक्झिनच्या खुर्चीवर खिळे ठोकून बसवून दिला. गुढीपाडव्यापासून मी त्यावर रोज पाच तास बसते आहे, आणि सगळा मे महिना परीक्षेच्या कामासाठी बसले. डाव्या कोपऱ्यात, जिथे माझ्या पिशवीची कडी लागते, तिथे दोन धागे निघाले आहेत. मध्ये एकही नाही. शाळेचा शिपाई दर उन्हाळ्यात सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल टाकतो. माझ्या खुर्चीवर त्याने या वर्षी टाकला नाही. मी त्याला काही सांगितले नव्हते.